ओढल्यावर वाजणारी पिपाणी

माझा धंदा हवेचा. हसू नका. कुणी दुधाचा धंदा करतो, कुणी लाकडाचा, मी जन्मभर हवा दुरुस्त केली. आधी बाजाच्या पेटीतली, मग माणसाच्या छातीतली. झाशीत ओरछा गेटच्या आत माझं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी जागा. पण पार मोठ गावापर्यंतच्या भजनमंडळ्या पेटी बिघडली की माझ्याकडे येत, आणि मी नीट केलेली पेटी दुसऱ्याकडे न्यावी लागली असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही हिंदी. मराठी वाचायला वडिलांनी ओसरीवर बसवून, पाठीत धपाटे घालून शिकवलं. म्हणून या लेखात हिंदी शब्द घुसले तर त्यांना हाकलू नये असं मी संपादकांना आधीच बजावलंय. आम्ही झाशीतले मराठी. घरात ‘पाणी दे’, उंबऱ्याबाहेर ‘पानी देना भैया’. दोन्ही पाण्यांनी तहान भागते. पूर्वज कुठल्या पलटणीबरोबर इकडे आले ते सांगणारा आता कुणी उरला नाही. तरी रस्त्यावर आम्ही नवराबायको मराठीत बोललो की अजून कुणीतरी विचारतो, “आप लोग कहाँ के हैं?” मी म्हणतो, “झाँसी के.” तो म्हणतो, “नहीं, असल में?” या ‘असल में’चा मला फार राग.

तर पेटी. पेटीत भाता असतो तो हवा भरतो, आणि आत रीड असतात त्या बोलतात. रीड म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्यावर एका टोकाला रिबिट मारलेली पितळेचीच जीभ. हवा जिभेच्या अंगानं शिरली तर जीभ थरथरते आणि सूर निघतो. उलट अंगानं कितीही हवा घाला, ती मुकी. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग विजेवरचे बाजे आले. बटण दाबलं की पेटी, तबला, झांजा, सगळं एकटंच वाजवतं. भजनवाल्यांनी पेट्या माळ्यावर टाकल्या. मी दुकान उघडायचो, रीड पुसायचो, बंद करायचो. अशा दिवसांत छातीचे डॉक्टर खरे त्यांच्या वडिलांची पेटी घेऊन आले. खरे म्हटल्यावर मला आनंद झाला. म्हटलं, “कोकणातले का?” ते म्हणाले, “जी? हम तो टीकमगढ़ के कायस्थ हैं. आप कहाँ के?” मी म्हटलं, “झाँसी का.” त्यांनी ‘असल में’ विचारलं नाही. तिथंच हा माणूस मला आवडला.

पेटी न्यायला आले तेव्हा म्हणाले, “मास्टरजी, मेरे यहाँ बैठेंगे? मरीज़ों को एक चीज़ सिखानी है. मेरे लड़के एक बार बता के भाग जाते हैं. मुझे ज़िद्दी आदमी चाहिए.”

“ज़िद्दी तो हूँ. पढ़ा-लिखा नहीं हूँ.”

“पढ़ा-लिखा मैं हूँ,” ते म्हणाले. “वो काम मैं कर लूँगा.”

अशी मला उतारवयात नोकरी लागली. खऱ्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक स्टूल माझं, एक रोग्याचं, मध्ये पाटावर पुडीची यंत्रं. पुडीचं यंत्र म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची नळी. तिच्यात औषधाची कॅप्सूल खोचायची, नळी पिरगाळायची, कॅप्सूलची दोन शकलं होतात आणि आतली पूड मोकळी होते. मग तोंड लावून एका दमात जोरात आत ओढायचं, जमेल तितकं रोखायचं, सोडायचं, शेवटी चूळ भरायची. पंपासारखं हे औषध आपण होऊन उडत नाही. रोग्याच्याच श्वासानं त्याला छातीत न्यायचं. श्वास दुबळा तर पूड नळीतच राहते. आणि गंमत बघा, श्वास दुबळा झाला म्हणूनच तर तो डॉक्टरकडे आलेला!

त्यातले काही रोगी आणखी अवघड. डॉक्टर त्यांच्या कागदावर ‘पल्मनरी हायपरटेन्शन’ लिहीत आणि तोंडानं ‘फेफड़ों का बीपी’ म्हणत. रोग्याचे घरचे लगेच म्हणत, बीपी तर नॉर्मल आहे, परवाच दंडाला पट्टी बांधून बघितलं. तो हा नव्हे. हा दाब दंडावर कळत नाही. मी आपला पेटीवरून सांगायचो. भाता हलवणारा हात म्हणजे काळजाची उजवी बाजू. ती फुप्फुसात रक्त ढकलते. पेटीच्या आतल्या वाटा बुजल्या तर वाजवणाऱ्याला सूर तेवढाच मिळतो पण हात भरून येतो, तसं फुप्फुसातल्या रक्ताच्या वाटा आकसल्या की काळजाचा तो हात भरून येतो. मग पायांवर सूज, दोन पायऱ्या चढल्या की धाप, ओठांवर निळसर झाक. धुरानं नाहीतर विडीनं ज्यांच्या श्वासनळ्या आधीच गेल्यात त्यांना हे मागाहून लागतं. नळ्या मिटल्या की रक्ताला प्राणवायू कमी, आणि तो कमी झाला की हा दाब आणखी चढतो. म्हणून त्यांची पुडी चुकून चालत नाही. पुडीनं दाब उतरतो असं मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या गोळ्या वेगळ्या, प्राणवायूचं नळकांडं वेगळं. परदेशात त्या दाबावरचं औषधसुद्धा आता पूड करून ओढायला देतात असं डॉक्टर सांगत. आमच्या व्हरांड्यापर्यंत ते काही आलं नाही.

अशात चिरगाँवहून रामकली अम्मा आल्या. बरोबर मुलगा हरगोविंद, चिरगाँवच्या बाजारात त्याचं खली-चुनीचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान. अम्मा काटकुळ्या, घुंगट हनुवटीपर्यंत. बसल्याबसल्या खांदे वरखाली होत होते. जन्म चुलीपुढं गेलेला. चौकशी केली तर मुलगा म्हणाला, “चिरगाँव में ऐसा ब्याह नहीं हुआ जिसमें अम्मा ने गारी न गाई हो.”

गारी म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला हवं. बुंदेलखंडात लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्या बायका वरपक्षाला गाण्यातून शिव्या घालतात. समध्याचं, म्हणजे व्याह्याचं पोट, त्याच्या बहिणीचं नाक, मामाचा कंजूषपणा, काही सुटत नाही. समधी जेवता जेवता लाजतो, हसतो आणि आणखी मागतो. ज्याला गारी मिळाली नाही तो रुसतो, कारण गारी आपल्या माणसालाच देतात. परक्याला कोण शिव्या देईल?

अम्मांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. अम्मा घुंगटाआडून म्हणाल्या, “डाक्टर साब, हमें नातिन के ब्याव में गारी गाउने है. फिर चाए जो होय.” हे सांगताना मध्ये त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, घरी प्राणवायू लावायला सांगितला, चूल बंद करायला सांगितली, आणि पुडीसाठी माझ्याकडे पाठवलं. मी शिकवलं. त्यांनी पदराआड यंत्र नेलं, काहीतरी केलं, रिकामी शकलं माझ्या हातात दिली. शाबास म्हटलं.

पुढच्या खेपेला सूज तशीच, धाप तशीच. त्याच्या पुढच्या खेपेला जास्तच. डॉक्टर कपाळ चोळायला लागले. “दवा सीने में जा रही है न?” हरगोविंद म्हणाला, “कसम से साब, हम खुद खोल के देखते हैं. कैप्सूल खाली निकलता है.” डॉक्टर म्हणाले, मग या औषधाचा उपयोग होत नाही, आणखी एकदा बघू, नाहीतर ग्वाल्हेरच्या मोठ्या इस्पितळात भरती करू. तिथं किती दिवस लागतील सांगता येत नाही. अम्मांनी लग्नाचं विचारलं. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. घुंगट खाली झुकला.

चिरगाँवची बस दुपारी उशिरा. थंडीचे दिवस. मी दोघांना घरी घेऊन गेलो, म्हटलं पोटात काही गरम पडू दे. घरी नेमका गॅस संपलेला. आमची ही अंगणात कोळशाची शेगडी पेटवत होती. ही बबीन्याच्या छावणीतल्या फौजी घरातली, मूळची साताऱ्याकडची, तोंडानं फटकळ. मला म्हणाली, “जगाचे भाते नीट करता ना? घ्या फुंकणी, एवढं करा.” मी फुंकणी घेतली. फुंकलं. राख उडाली, माझ्या मिशीत बसली, निखारा काही लाल होईना. पुन्हा फुंकलं, धूर झाला. हरगोविंद तोंड फिरवून हसत होता.

अम्मा उठल्या. कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी फुंकणी माझ्या हातातून घेतली, उकिडव्या बसल्या आणि लांब, सरळ, एकच फुंकर घातली. शेगडी भडकली. पण मग जी ढास लागली! हिनं धावत जाऊन त्यांना पाठीशी धरून बसवलं, ओठ निळे पडले होते. जरा शांत झाल्यावर अम्मांनी कनवटीची पुडी काढली, यंत्रात घातली आणि भिंतीकडे तोंड करून घुंगट आणखी पुढं ओढला. ही शेजारीच होती. तिनं वाकून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाली, “अहो, यांच्या पदराला आतून रांगोळी लागलीय.”

“कसली रांगोळी?”

“पांढरी. बघा ना, तोंडासमोरच.”

मी कपाळावर हात मारला. अम्मा ओढतच नव्हत्या. फुंकत होत्या. पूड सगळी नळीच्या मागच्या फटीतून पदरावर. कॅप्सूल रिकामी निघणारच! जन्मभर नळी हातात आली ती फुंकायला. त्यातून घुंगटाच्या आत काय चाललंय ते मला दिसलं नाही, डॉक्टरांना दिसलं नाही, मुलाला तर बघायचा प्रश्नच नाही.

मी ओरडलो. “अम्मा, फूँकना नहीं है, खींचना है! दम खींचो!” वर दोन बोटांत नळी धरून ओढून दाखवलं. झालं. अम्मांनी यंत्र खाली ठेवलं.

“काए मास्टर,” त्या म्हणाल्या, “लुगाई चिलम खेंचत नौनी लगत का?” बाई चिलीम ओढताना बरी दिसते का, असं विचारत होत्या. त्यांचे दीर चिलमीपायी गेले. त्या घरात बाईमाणसानं नळी तोंडात धरून दम ओढणं म्हणजे अब्रू गेली. “मर जैहें, पै दम नईं लगाहें.” मरू, पण दम लावणार नाही. बस यायच्या वेळेपर्यंत मी घसा फोडला. औषध आहे, चिलीम नव्हे. देवीची शपथ घातली. हट्टाला हट्ट भिडला आणि मी हरलो. जाताना हरगोविंद हळूच म्हणाला, “मास्टरजी, आप नाराज मत होना. ये हमारे बाप से नहीं हारीं.”

ही म्हणाली, “तुम्ही ओरडून गाणं बसवता का कधी? मग हे का ओरडून?”

लग्न झाल्यापासून तिचं मी फारसं ऐकलेलं नाही. हे ऐकलं. दुकानात जाऊन बसलो. समोर जुन्या रीडांचा डबा. आणि मनात आलं, रीड तर एकाच अंगानं बोलते. ती नळीत उलटी बसवली, जीभ बाहेरच्या हवेकडे, तर फुंकल्यावर मुकी राहील आणि ओढल्यावर वाजेल. जत्रेत पोरं पिपाणी फुंकतात, ही ओढायची पिपाणी. वाजली म्हणजे ओढणं बरोबर. तीच ओढ मग पुडीच्या यंत्राला लावायची. आणि सूर काढणं म्हणजे काही चिलीम नव्हे. सूर काढायला अम्मांची ना कशी असेल?

पिपाणी बांबूच्या नळीची केली. म्हटलं ओढ दणकट हवी, म्हणून खर्जातली जाड रीड बसवली. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सुभेदार मोहिते आले होते. बबीन्याला रणगाड्यांवर नोकरी करून इथंच राहिलेले, फुप्फुसाच्या दाबाचे जुने रोगी. माझ्याशी त्यांचं नेहमी वाकडं, कारण पेटीवाल्यानं फौजीला श्वास घ्यायला शिकवावा हे त्यांना पटत नव्हतं.

“काय रं मास्तर, हे काय नवीन खेळणं?”

“ओढून वाजवायचं. तुम्हांला नाही झेपायचं.”

असं म्हणायला नको होतं, पण मी म्हटलं. सुभेदारांनी छाती आधी फुगवली, म्हणजे पहिली चूक, भरलेल्या पोत्यात आणखी काय भरणार? मी म्हटलं, आधी बाहेर सोडा, तोंड बाजूला करून. त्यांनी सोडलं, पिपाणी तोंडात धरली आणि सगळ्या ताकदीनं ओढली. म्हशीसारखा हंबरडा निघाला. सुभेदार विजयानं माझ्याकडे बघत बघत स्टुलावरून खाली घसरले.

डॉक्टर धावले. पाय वर केले, प्राणवायू लावला, नाडी धरून बसले. सुभेदारांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, “वाजली का न्हाई?” मग डॉक्टर माझ्याकडे वळले. इतकं लाल तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. “मास्टरजी, ये अखाड़ा नहीं है! इनका दिल पहले ही दीवार ढकेल रहा है. आप कह रहे हैं और ज़ोर लगाओ? चक्कर आएगा, गिरेंगे, मर भी सकते हैं!” पिपाणी त्यांनी खिशात घातली आणि मला घरी जायला सांगितलं.

मी गेलो. बरोबर ते होते, तरी मी रुसलो. रुसायला बरोबर असावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. दुपारी तेच दुकानात आले, बूट काढून समोर बसले आणि पिपाणी पुढं ठेवली. “रात भर यही बजाता रहा. बीवी ने कमरे से निकाल दिया.” मग बॅगेतून ओढ मोजायची काचेसारखी नळी काढली. “मशीन को इतना खिंचाव चाहिए. इससे तिल भर ज़्यादा नहीं. चलिए, सुर मिलाते हैं.”

त्या दुपारसारखी दुपार माझ्या धंद्यात दुसरी नाही. ते मोजायच्या नळीतून ओढून खूण सांगत, तेवढ्याच ओढीनं पिपाणी ओढत, मी रीड काढून कानस लावत होतो. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मूळ घासलं की उतरतो, आणि अंग पातळ केलं की थोड्या हवेत बोलते. पण फार पातळ केली तर नुसत्या निःश्वासानंही वाजेल, मग उपयोग काय? कितीतरी रीड वाया गेल्या. शेवटी एक अशी साधली की कमी ओढीला गप्प, हव्या ओढीला गोड. डॉक्टरांनी नियम घातले. रोगी बसलेला हवा. एकदा वाजवली की विसावा. डोकं हलकं वाटलं की बंद. आणि पैज कुणाशी लावायची नाही.

“मतलब, किससे?”

“फ़ौज से तो बिल्कुल नहीं.”

आता अम्मा. त्या येणार नव्हत्याच. हरगोविंदनं ग्वाल्हेरला जायच्या चिठ्ठीसाठी म्हणून आणल्या. मी पुडीचा विषयच काढला नाही. म्हटलं, “अम्मा, ज़रा गारी का सुर बताओ. एक बाजा मिलाना है.” गाण्याचं विचारल्यावर घुंगट हलला. आतून तीनच शब्द आले, कापरे, पण सूर एकदम पक्का. पेटीवरची दुसरी काळी पट्टी, काळी दोन. तशी एक रीड मी आधीच तयार ठेवली होती, थोडी कानस लावून तिथं आणली आणि पिपाणी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घुंगटात नेली आणि फुंकली. काही नाही. पुन्हा फुंकली. काही नाही. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली.

“काए मास्टर, तुमाओ बाजो तो गूँगो है!”

“गूँगा नहीं, अम्मा. उलटा है. भीतर की तरफ़ गाता है. तुम्हारे बस का न हो तो रहने दो.”

हरगोविंद म्हणाला, “रहने दो अम्मा, तुमसे न होगा.” पोरगा हुशार, आईला ओळखून होता.

पिपाणी पुन्हा घुंगटात गेली. मग आतून सूर आला. काळी दोन, स्वच्छ, लांब. बाकावरचा एक म्हातारा “अरे वाह” म्हणाला. अम्मांनी घुंगट हातानं मागं सारला. इतक्या महिन्यांत तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. बोळक्या तोंडात पिपाणी, आणि डोळे असे की जणू विहिरीतून हरवलेली कळशी वर आली.

“जो तो हमाओ सुर आय,” त्या म्हणाल्या. हा तर माझाच सूर.

“अब यही सुर इसमें से खींचो,” मी म्हटलं आणि पुडीचं यंत्र पुढं केलं. चिलमीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उघड्या तोंडानं, सगळ्यांसमोर ओढलं. मी पदर बघितला. कोरा. डॉक्टर दारात उभे होते. ग्वाल्हेरची चिठ्ठी त्यांनी घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, थोडे दिवस थांबू या.

पुढं हरगोविंदनं घरात गॅस घेतला. हळूहळू पायांची सूज उतरली, ओठांचा रंग फिरला. डॉक्टर मला बजावायचे, रोग गेला नाही, वाट मोकळी झाली एवढंच. मी म्हणायचो, हो. आणि मिशीला पीळ द्यायचो.

सगळ्यांचं असं झालं नाही, ते लिहिलं नाही तर मी खोटा. दगड फोडायच्या यंत्रावर काम केलेला लखन नावाचा माणूस होता. पिपाणी पहिल्याच फटक्याला वाजवली, अम्मांहून सुरेल. पण त्याच्या छातीत दगडाची धूळ मुरलेली. पुडी आत जायची, आत पुडीला करायला काही उरलं नव्हतं. शेवटी शेवटी औषधासाठी नाही, नुसता पिपाणी वाजवायला यायचा. त्याची पिपाणी त्याच्या बायकोनं आणून दिली, ती मी दुसऱ्या कुणाला दिली नाही.

अम्मांच्या नातीच्या लग्नाला आम्हां दोघांना आमंत्रण आलं. डॉक्टरांनी अम्मांना गायची परवानगी दिली होती, पण खुर्चीवर बसून, दोन ओळी झाल्या की थांबून. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी कुँवर कलेवा, म्हणजे नवरदेवाची आणि वऱ्हाडाची जेवणाची पंगत. इथंच खरी गारी. मी मुलीकडचा पाहुणा, म्हणून मुलीकडच्या लोकांत बसायला निघालो, तर हरगोविंदनं दंड धरला. “इतै बैठो, मास्टरजी.” आणि मला वरपक्षाच्या ओळीत, समध्याच्या शेजारी नेऊन बसवलं. मी म्हटलं, “भैया, मेरी पंगत तो वो है.” तो म्हणाला, “अम्मा का हुकम है.” मी वाद घालणार तेवढ्यात पत्रावळीवर पुरी पडली, म्हणून गप्प बसलो, पण मनातून चिडलो होतो. आमची ही वर गच्चीवर बायकांत.

गच्चीवरून ढोलक सुरू झाली. बायकांच्या मध्ये खुर्चीत अम्मा, डोक्यावर पदर, तोंड उघडं. पहिली गारी समध्याला, पोटावरून. अम्मा ओळ उचलत, बायका पुढं नेत, अम्मा श्वास घेत. दुसरी नवऱ्याच्या मामाला. समधी खुशीत, घास तसाच हातात. आवाज पूर्वीचा नसेल, मला पूर्वीचा माहीत नाही. पण सूर तोच, व्हरांड्यातला. मी पुरीकडे बघत होतो, कारण डोळ्यांकडे कुणी बघू नये असं वाटत होतं.

आणि तेवढ्यात वरून आलं,

“झाँसी वारे मास्टर की मूँछ बड़ी,
फूँकत रए, लकड़िया न बरी!”

सगळी पंगत माझ्याकडे वळली. कसली मोठी मिशी, आणि फुंकून फुंकून एक लाकूड पेटेना! अंगणातली ती शेगडी म्हातारीनं इतके दिवस जपून ठेवली होती. बायका खिदळत ओळ पुन्हा पुन्हा घ्यायला लागल्या. समधी माझ्या पाठीवर थापा मारत होता. तिसरी ओळ अम्मा उचलणार, तोच त्यांचा हात छातीवर गेला. ढोलक थांबली. हरगोविंदच्या हातातली भाजीची बालदी तशीच राहिली. मी उठायला लागलो.

तर गच्चीवरून सूर आला. काळी दोन, स्वच्छ, लांब. खाली कुणाला वाटलं पेटी आहे. मला आणि हरगोविंदला ठाऊक होतं काय आहे ते. अम्मांनी पिपाणी खाली घेतली, विसावा घेतला, डॉक्टरांचा नियम पाळला, आणि त्याच सुरावर तिसरी ओळ टाकली,

“घरवारी रोटी खों भूखी पड़ी!”

त्याची बायको भाकरीवाचून उपाशी पडली! गच्चीवर आमचीच ही सगळ्यांत मोठ्यानं गात होती. इतकी वर्षं संसार केला, पण तिला बुंदेली गारी म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

झाशीत आमच्या किती पिढ्या गेल्या. लग्नांना गेलो, जेवलो, आहेर केले, परत आलो. माझ्या माहितीत आमच्या घरात कुणाला गारी मिळाली नव्हती. मी मांडी ठोकून बसलो, ताठ, आणि राख बसली होती त्याच मिशीला पीळ दिला.

समध्यानं हसत हसत हरगोविंदला विचारलं, “ये मूँछ वाले कहाँ के हैं?”

हरगोविंद माझ्या पत्रावळीत भाजी वाढत होता. वर न बघता म्हणाला, “हमाए.”